ताईला आधी विचारलंत का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत): पत्र लिहिणारे ३१ वर्षांचे आहेत, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी करतात. त्यांच्या ३४ वर्षांच्या मोठ्या बहिणीला अकरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. लहानपणापासून कथक शिकलेली, चित्रंही छान काढायची. गोळ्यांनी आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय, तीन वर्षांत अ‍ॅडमिट करावं लागलेलं नाही, पण दिवसच्या दिवस खोलीत बसून असते, बोलत नाही, अंघोळीसाठीही मागे लागावं लागतं. मध्येच वही घेते आणि पानंच्या पानं नुसते काळे डोळे काढत बसते. कॉलेज रोडला चित्र आणि नृत्य एकत्र करून थेरपी देणारं एक वर्कशॉप सुरू होतंय, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये ‘गोळ्यांशिवाय मन मोकळं’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले हरकत नाही, करून बघा. आईला वाटतं हे सुरू झालं की गोळ्या सुटतील, कारण गोळ्यांनी ताईचं वजन खूप वाढलंय. बाबा म्हणतात नाच-बिच नको, लोक हसतील. पत्रलेखकांच्या लग्नाचं बघणं सुरू आहे आणि पाहुणे यायचे असले की ताईला काकांकडे पाठवलं जातं. त्यांचे प्रश्न असे: चित्र चांगलं की नाच की दोन्ही एकदम? गोळ्या कमी होतील का? आणि ‘आमची आधीची ताई परत मिळेल का?’

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आई काय म्हणते ते आहे, बाबा काय म्हणतात ते आहे, डॉक्टर, काका, वर्कशॉपवाल्या मॅडम फोनवर काय बोलल्या तेही सगळं आहे. ताई काय म्हणाली ते मात्र मला कुठेच सापडलं नाही. तिला विचारलंय का हो कुणी?

हे मी तुम्हाला बोल लावायला म्हणत नाहीये. इतकं सविस्तर पत्र जो भाऊ रात्री दीड वाजता बसून लिहितो त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण या आजाराच्या घरांत हे नकळत होतं, माणूस बोलायचा कमी होतो आणि मग हळूहळू सगळे त्याच्याबद्दल बोलायला लागतात, त्याच्याशी बोलणं थांबतं. माझ्या मावशीला हाच आजार होता, आमच्या घरात पण हेच झालं होतं, म्हणून मला ते लगेच दिसतं. तर पहिलं काम हे. संध्याकाळी टीव्ही बंद असताना, आईबाबा समोर नसताना, ताईला सांगा की असं असं एक आहे, आठवड्यातून एकदा, सातआठ लोक असतात, थोडी हालचाल करायची, थोडं रंगवायचं, तुला यायचंय का बघायला? आणि मग गप्प बसा. खरंच गप्प बसा. या आजारात प्रश्न आत पोचून उत्तर बाहेर यायला वेळ लागतो, आपण तीन सेकंदात ‘बरं जाऊदे’ म्हणून टाकतो आणि तिचं उत्तर आतच राहून जातं. मनात वीसपर्यंत मोजा. ‘नको’ म्हणाली तर तेही उत्तरच आहे, महिन्याभराने परत विचारता येतं. आणि हो, पाहुणे आले की आपल्याला काकांकडे का पाठवतात हे तिला कळत नसेल असं समजू नका. तिला कळतं. त्यावर मी पुढे येते.

आता गोळ्या, कारण यात घोळ झाला तर बाकीचं सगळं वाया जाईल. चित्र आणि नाचाने गोळ्या सुटणार नाहीत. मेसेजमधली ती ‘गोळ्यांशिवाय’वाली ओळ वाचून मला खरंच राग आला, कारण असल्या एका ओळीवर भरवसा ठेवून लोक डबी कपाटात ठेवून देतात आणि पहिले काही आठवडे काहीच होत नाही, उलट पेशंट जरा तरतरीत वाटतो, झोप कमी येते, सगळे म्हणतात बघा गोळ्यांचीच गुंगी होती, आणि मग एके दिवशी सगळं कोसळतं. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचे निकाल एकत्र करून मांडले होते, त्यात औषध चालू असणाऱ्यांपैकी वर्षभरात साधारण २७ टक्के लोकांचा आजार उलटला आणि ज्यांचं औषध थांबवून नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती त्यांच्यापैकी ६४ टक्के लोकांचा. तुमची ताई तीन वर्षं हॉस्पिटलबाहेर आहे ती आपोआप नाही.

पण आईचं दुखणं पण खोटं नाही. या औषधांनी भूक वाढते, वजन वाढतं, काहींची शुगर वाढते, आणि चौतीस वर्षांच्या बाईला आरशात आपण ओळखू येत नाही हे काय लहान दुःख आहे का? फक्त त्याचा उपाय वर्कशॉपकडे नाही, तो सायकियाट्रिस्टकडे आहे. पुढच्या अपॉइंटमेंटला वजनाचं वेगळं बोला, ‘डॉक्टर, वजनासाठी काय करता येईल’ असं सरळ विचारा. काही औषधांनी वजन जास्त वाढतं काहींनी कमी, त्यामुळे औषध बदलणं, डोस बघणं, शुगर आणि चरबीच्या तपासण्या करणं, वजनासाठी वेगळं औषध जोडणं, हे सगळं ते करू शकतात. आपल्याकडे दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये ‘कशी आहे? बरी आहे’ यातच वेळ जातो, म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या.

तर मग चित्र-नाच कशासाठी? हे नीट समजून घेण्यासारखं आहे म्हणून जरा लांबण लावते.

स्किझोफ्रेनियात दोन प्रकारची लक्षणं असतात असं ढोबळमानाने धरा. एक जी वरून येऊन बसतात, म्हणजे आवाज, संशय, कुणीतरी बघतंय असं वाटणं. दुसरी म्हणजे जे निघून जातं ते, बोलणं, इच्छा, चेहऱ्यावरचे भाव, कुणाकडे जावंसं वाटणं. गोळ्या पहिल्यावर चांगलं काम करतात, दुसऱ्यावर फार कमी. तुम्ही पत्रात जे वर्णन केलंय, खोलीत बसून राहणं, अंघोळ नको, हाक मारली तर ओ नाही, ते सगळं दुसऱ्यातलं आहे. शेजारच्या काकूंना तो आळस वाटतो. तो आजार आहे. आणि आणखी एक गोष्ट असते जी बाहेरून दिसत नाही. बऱ्याच जणांना आपलं शरीर आपलं वाटत नाही. हात मी हलवतोय की कुणी हलवतंय, मी कुठे संपतो आणि समोरचा कुठे सुरू होतो, ही जी सीमा आपल्याला न विचार करता माहीत असते ती त्यांची पुसट होते. अशा माणसाला नुसतं समोर बसवून ‘काय वाटतंय सांग’ म्हणून काय उपयोग, शब्दच तर हातातून गेलेत.

म्हणून शरीराकडून सुरुवात करायची ही कल्पना. मरियन चेस नावाच्या अमेरिकन नर्तकीने १९४२ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मानसिक रुग्णालयात हे काम सुरू केलं, तेव्हा आजची औषधं नव्हतीच. वर्षानुवर्षं न बोललेले पेशंट असायचे. ती त्यांना स्टेप शिकवायची नाही. कुणी नुसतं बोट हलवत असेल तर तीही तसंच बोट हलवायची, मग गोलातले बाकीचे तसं करायचे, आणि त्या माणसाला, कदाचित खूप वर्षांनी, कळायचं की आपण काहीतरी केलं आणि ते समोरच्यापर्यंत पोचलं. चित्रांच्या बाजूने असंच काम ब्राझीलमध्ये निझे द सिल्व्हेरा या डॉक्टरबाईंनी केलं. विजेचे झटके आणि मेंदूची ऑपरेशनं द्यायला त्यांनी नकार दिला आणि १९४६ साली रिओच्या सरकारी हॉस्पिटलात पेशंटसाठी चित्रांची खोली उघडली, पुढे १९५२ला त्या चित्रांचं म्युझियमच झालं.

दोन्ही एकत्र का करायचं, तर हालचाल ही हवेत विरून जाते. केली आणि गेली. ज्या माणसाचा आपल्या करण्यावरच विश्वास राहिलेला नाही त्याच्या हातात काहीच उरत नाही. कागद उरतो. हात गोल फिरवला, मग तोच गोल खडूने कागदावर फिरवला, आता तो तिथे आहे, उद्या पण असेल, खाली तारीख आहे. आणि उलटही होतं, नुसतं चित्र काढत बसलेला माणूस आपल्याच आत शिरत जातो, तेच तेच गिरवत राहतो, जसे तुमच्या ताईचे डोळे, तेव्हा त्या कागदावरची एखादी रेघ उचलून ‘ही रेघ हाताने हवेत कशी काढशील?’ असं विचारलं की माणूस खुर्चीतून उठतो, बाहेर येतो. हालचाल बाहेर काढते आणि चित्र थांबवून ठेवतं, मला तरी ते असंच दिसतं. तुम्ही विचारलंत ना दोन्हीतलं चांगलं कुठलं, तर दोन्ही एका पाठोपाठ एक ठेवली तर एकाची उणीव दुसरं भरून काढतं. पण एका पाठोपाठ एक, एकदम नाही. मोठ्याने गाणी लावून नाचता नाचता भिंतीवर रंग फेकणं वगैरे जे असतं ते रंगपंचमीला पंचवटीतल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारणाऱ्यांसाठी ठीक आहे, ज्याच्या डोक्यात आधीच गर्दी आहे त्याच्यासाठी नाही.

बाबांना हे परदेशी फॅड वाटत असेल तर त्यांना भोंडल्याची आठवण करून द्या. पाटावर हत्तीचं चित्र काढायचं, पाट मधे ठेवायचा आणि त्याच्याभोवती हात धरून फेर धरायचा. चित्र मधे आणि नाच भोवती. आपल्या आज्या काही कुठला कोर्स करून आल्या नव्हत्या. किंवा पेठ-सुरगाण्याकडे वारली घरांच्या भिंतीवर तारपा नाचाचं चित्र असतं ते बघा, मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून गोल गोल गेलेली माणसांची रांग. जो नाच नाचतात तोच भिंतीवर. भोंडला म्हणजे उपचार असं माझं म्हणणं नाही, ते बोलणं चूक होईल. पण गोलात उभं राहून शेजारच्याबरोबर एका ठेक्यावर पाऊल टाकलं की माणूस माणसांत येतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. ब्रिटनमध्ये ४१७ पेशंटवर आर्ट थेरपीची मोठी चाचणी झाली, आठवड्यातून एकदा ग्रुपमध्ये, वर्षभर, निकाल २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. शरीराच्या हालचालीतून करायच्या थेरपीची चाचणी २०१६ साली आली, २७५ लोक, दहा आठवड्यांत २० सेशन, तुलनेला पिलाटेस नावाचा व्यायाम, तिथेही त्या ‘निघून गेलेल्या’ लक्षणांत म्हणावा असा फरक पडला नाही. आणि तरीही ब्रिटनची जी सरकारी गाइडलाइन आहे, २००९ची आणि नंतर २०१४ची, तिच्यात कलांवर आधारित थेरपीचा विचार करा, खासकरून या दुसऱ्या प्रकारच्या लक्षणांसाठी, असं आहेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ४१७वाल्या चाचणीत एक बाब अशी होती की नाव घातलेल्यांपैकी बरेच जण ग्रुपला फिरकलेच नाहीत. चिठ्ठी टाकून कुणाला काय द्यायचं ते ठरवलं होतं, चाचणीत तसंच करावं लागतं. पण ज्याला मनापासून चित्रं काढायची आहेत त्याचा अनुभव अशा सरासरीत हरवून जातो असं मला वाटतं. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं, ताईला विचारा. तिचं ‘हो’ हाच यातला अर्धा उपचार आहे आणि बाबा-आईचं ‘हो’ त्याच्या जागी चालणार नाही.

मग ‘आधीची ताई’. भाऊ, हा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तुम्हाला कालिदास कलामंदिरात घुंगरू बांधून उभी राहिलेली तेवीस वर्षांची ताई आठवते आणि ती आठवण तुम्ही घट्ट धरून ठेवलीये, स्वाभाविक आहे. पण तिच्या बाजूने बघा. घरातला प्रत्येक माणूस तिच्याकडे बघताना तिच्या जागी दुसऱ्या कुणालातरी शोधतोय. तुम्ही लिहिलंय की आई अधूनमधून म्हणते ‘जरा तत्कार करून दाखव ना, यायचा ना तुला’. ते बंद करा, उद्यापासून. कथक ही तिची कमाई होती आणि आता तिच्यासाठी ती परीक्षा झालीये, प्रत्येक वेळी नापास होण्याची. गोळ्यांनी हातपाय थोडे जड होतात, लय चुकते, पाठ झालेलं आठवत नाही. ज्याला एकेकाळी उत्तम यायचं त्याला हे चुकणं फार लागतं, न शिकलेल्याला नाही लागत. म्हणून थेरपिस्टला हे पहिल्याच दिवशी सांगा की ती कथक शिकलेली आहे, आणि तिने स्वतःहून पाय वाजवला तरच वाजवू द्या. सुरुवात अशा गोष्टीने होऊ दे जिथे बरोबर-चूक नाहीच, खुर्चीत बसून खांदे, मनगटं, श्वास, बस. आधीची ताई परत येईल का मला माहीत नाही, आत्ताची ताई तुमच्याजवळ थोडी सरकेल का, याला मी ‘होऊ शकतं’ म्हणेन. आणि ते मोजायचं झालं तर असं मोजा: या आठवड्यात ती किती वेळा स्वतःहून खोलीबाहेर आली, जेवताना मान वर केली का, सेशनच्या दिवशी अंघोळीसाठी कमी मागे लागावं लागलं का. एवढंच. चारसहा महिने द्या, चार सेशनमध्ये हिशोब मांडू नका.

डोळ्यांच्या चित्रांबद्दल तुम्ही घाबरलाय आणि त्यात कुणीतरी ती चित्रं बघून ‘हिच्या मनात कुणाबद्दल तरी राग आहे’ असा अर्थ सांगितलाय. कृपा करून असे अर्थ कुणाकडून काढून घेऊ नका. चित्र म्हणजे एक्स-रे नाही. काळा म्हणजे दुःख, डोळा म्हणजे संशय असा काही पक्का कोश नाही, चांगला आर्ट थेरपिस्ट तर असं कधी बोलतच नाही, तो विचारतो, ‘हे काढताना कसं वाटलं?’ किंवा तेही विचारत नाही, शेजारी बसून आपला कागद रंगवतो. तुम्हीही विचारू नका की हे कुणाचे डोळे. फार तर ‘हे पान मला आवडलं’ म्हणा, आवडलं असेल तरच. मात्र चित्रांसोबत दुसरं काही बदलतंय का याकडे लक्ष ठेवा, म्हणजे झोप उडणं, जेवण सोडणं, पुटपुटणं वाढणं, खिडक्या लावून घेणं, तुमच्यावरच संशय घेणं. असं दोनतीन दिवस दिसलं तर सेशन थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

वर्कशॉपला जाण्याआधी तुम्ही एकटे जाऊन या. तिथे काय बघायचं ते सांगते, ज्यांच्या घरी असंच काही चाललंय त्यांनीही हे बघावं. थेरपिस्टने शिक्षण कुठून घेतलंय ते विचारा, त्यात लाजायचं काय. डान्स मूव्हमेंट थेरपीचा डिप्लोमा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत कोलकाता संवेद या संस्थेसोबत सुरू झालेला आहे, म्हणजे आपल्याकडे रीतसर शिकलेली माणसं आहेत, आणि शनिवार-रविवारच्या शिबिराचं सर्टिफिकेट लावून बसलेलीही आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसोबत काम केलंय का? स्ट्रेस घालवायला येणाऱ्या लोकांसोबत आणि या पेशंटसोबत करायचं काम वेगळं. यांना डोळे मिटून ‘कल्पना करा तुम्ही ढगात तरंगताय’ असलं काही द्यायचं नसतं, जमिनीवरचे पाय आधीच सुटलेत त्यांना आणखी कुठे तरंगवता? डोळे उघडे, पाय जमिनीला, दर वेळी सुरुवात आणि शेवट ठरलेला, न विचारता अंगाला हात नाही. आणि ती खोली बघा. डान्स क्लासच्या हॉलला एक भिंत भरून आरसा असतो. ज्या मुलीला आपल्यावर कुणाची तरी नजर आहे असं वर्षानुवर्षं वाटलंय तिला तिथे उभं करणार का? पडदा लावता येईल का विचारा. आवाज किती ठेवतात ते विचारा. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला की ताई कानावर उशी धरून बसते असं तुम्हीच लिहिलंय.

डॉक्टरांचा नंबर थेरपिस्टला द्या आणि डॉक्टरांना सांगा की हे सुरू केलंय. थेरपिस्ट ‘डॉक्टरांशी बोलायची गरज नाही’ म्हणाला तर नमस्कार करून परत या. गोळ्यांनी एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, पाणी जास्त लागतं, काहींना एका जागी बसवतच नाही, सारखे पाय हलतात, तो उत्साह नसतो, साइड इफेक्ट असतो, हे सगळं त्याला माहीत असलं पाहिजे. मेसेजमधल्या त्या ओळीबद्दल मॅडमना मोकळेपणाने विचारा. ‘चुकून गेलं, आम्ही कुणाला गोळ्या सोडायला सांगत नाही’ म्हणाल्या आणि ओळ काढली तर विचार करा. त्यावर वाद घातला तर दुसरं शोधा. नाहीच मिळालं काही नाशकात तर घाई नाही, डॉक्टरांकडे ऑक्युपेशनल थेरपिस्टची चौकशी करा, तिथेही हाताने करायचं काम आणि ग्रुप असतो.

घरी काय करता येईल हे तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते. माझी मावशी नाशिकरोडला आजीकडे असायची. एका वर्षी पावसाळ्यापासून ती बोलायची बंद झाली. आजी अडाणी होती, थेरपी हा शब्द तिने ऐकला नव्हता, ती रोज सकाळी उंबऱ्याबाहेर ठिपक्यांची रांगोळी काढायची आणि मावशीला नुसतं पायरीवर बसवून घ्यायची. काही म्हणायची नाही. दोनेक महिन्यांनी एका सकाळी आजीने ठिपके घातले आणि पाठ दुखते म्हणून तशीच उठून आत गेली, परत आली तर ठिपके जोडलेले होते. चुकीचे जोडले होते. आजीने ते पुसले नाहीत, कुणाला पुसू दिले नाहीत. त्यानंतर रोज आजी ठिपके घालायची आणि मावशी जोडायची. मावशी पूर्ण बरी झाली नाही, गोळ्या शेवटपर्यंत होत्या, पण आमच्याशी ती पहिलं वाक्य बोलली ते त्या पायरीवरच, ‘पांढरी संपलीये’. आता मला कळतं की त्यात सगळं होतं, वाकणं, उकिडवं बसणं, चिमटीतून सोडणं, हात फिरवणं, आधीच आखून दिलेले ठिपके म्हणजे पूर्ण मोकळा कागद समोर नाही, आणि दाराबाहेर बसल्यामुळे दूधवाला येताजाता दिसतोच.

तुमच्याकडे रांगोळीच हवी असं नाही. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला गर्दी व्हायच्या आत एक फेरी, तिच्या चालीने, तुमच्या नाही. तिच्या पावलात पाऊल टाकून चालून बघा, न सांगता, मरियन चेस तेच करत होती. फक्त थेरपिस्ट होऊ नका. ‘आज काय काढलंस, दाखव’, ‘आज किती हललीस’ असं सुरू झालं की संपलं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटचा अभ्यास केला होता, ज्या घरात सतत टीका, चिडचिड किंवा अति काळजी आणि सारखं मागे मागे असणं होतं तिथे आजार जास्त उलटायचा. अति काळजीसुद्धा, हे आईला हळू सांगा, तिला दोष न देता.

बाबांची भीती लोकांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे, म्हणजे एकट्या नाशकात काही हजार घरं झाली, आणि प्रत्येक घराला वाटतं की गल्लीत आपणच एकटे. त्यांना पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनबद्दल सांगा, जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली संस्था आहे, पेशंट आणि घरचे एकमेकांना भेटतात. माझ्या अनुभवात, समजवून न ऐकणारे बाप दुसऱ्या बापाला बोलताना ऐकतात.

आणि तुमचं लग्न. ताईला काकांकडे पाठवून जमवलेलं लग्न तुम्हाला आयुष्यभर ताईला लपवायला लावेल. मुलीच्या घरच्यांना पहिल्या नाही तर दुसऱ्या भेटीत सांगा, आजाराचं नाव घेऊन सांगा, उपचार चालू आहेत, माझी बहीण आहे, आमच्याजवळच राहणार. काही स्थळं जातील. पण एक काम करा, पुढच्या वेळी पाहुणे यायच्या आधी ताईला विचारा की तुला थांबायचंय की काकांकडे जायचंय. ती जाईनही म्हणेल कदाचित, पाहुण्यांचा तिला त्रास होत असेल. तरी आता जाणं तिचं असेल.

पत्राच्या शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय की तुम्हाला झोप लागत नाही. ती ओळ तशीच सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात, आणि तो फक्त पेशंटसाठी नाही, घरच्यांसाठी पण आहे. रात्री दीड वाजता पत्र लिहिण्याऐवजी एकदा तिथे फोन लावून बघा.

आणि ताई ‘हो’ म्हणाली आणि पहिल्या सेशनला तुम्ही तिला गाडीवर सोडायला गेलात तर आत डोकावू नका, खाली थांबा. ती खाली आली की ‘कसं झालं’ विचारू नका. मिसळ खायची की नुसता चहा, ते विचारा, आणि वीसपर्यंत मोजा.